गोव्यात नव्याने आलात? महिन्याचा किराणा कुठून भरायचा, ते ठरवण्याची रीत

वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, भाड्याचा फ्लॅट मिळाला, गॅस आला, की पहिल्याच आठवड्यात किराण्याचा प्रश्न उभा राहतो. पुणे-मुंबई किंवा कोल्हापूर-सांगलीकडून आलेली माणसं सवयीने देशभर शाखा असलेलं एखादं मोठं दुकान शोधतात, तिथून महिन्याचं सगळं सामान एकदम भरतात आणि पुढे तेच चालू ठेवतात. शेजारचे गोवेकर कुठून काय आणतात, याची चौकशी फार उशिरा होते. तोवर बरेच पैसे गेलेले असतात, आणि इथली चांगली चीजवस्तू घरात आलेलीच नसते.

मी लग्न होऊन साताऱ्याहून फोंड्याला आले. आता नवीन बिऱ्हाड थाटणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगते: गोव्यात सगळं सामान स्वस्तात देणारं एक दुकान शोधू नका. यादीतलं काही मोठ्या साखळीकडे स्वस्त मिळतं, काही गोव्यातल्याच साखळीकडे, काही सहकारी संस्थेत आणि काही बाजारात बसलेल्या बायकांकडे. कुठली वस्तू कुठली, हे ठरवायला एक महिना नीट लक्ष घातलं तरी पुरतं. ते कसं करायचं, तेच खाली लिहिते.

पहिली पायरी: दुकानं ओळखून घ्या

देशभर पसरलेल्या साखळ्यांमध्ये रिलायन्सचं स्मार्ट बझार तुम्हाला माहीत असेलच. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'बिग बझार' असतं. २०२२ मध्ये रिलायन्सने त्या कंपनीच्या बऱ्याच जागा ताब्यात घेतल्या आणि देशात अनेक ठिकाणी जुन्या दुकानावर नवी पाटी लागली. या दुकानांचं बळ एकत्र खरेदीत आहे. साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, बिस्किटं, चहा, भांडी घासायचं लिक्विड असा कंपन्यांचा माल ते देशभरासाठी एकदम उचलतात, त्यामुळे छापील किमतीवर चांगली सूट देऊ शकतात. शिवाय त्यांचे स्वतःच्या नावाचे डाळ, तांदूळ, पीठ, फिनाईल असतात.

दुसऱ्या गटात गोव्यातलीच सुपरमार्केटं येतात: मॅग्सन्स, डेल्फिनोज, बोरकर सुपरस्टोअर्स, कांदोळीचं न्यूटन्स. मोठ्या साखळीएवढी सूट इथे सगळ्यावर मिळत नाही, पण चीज, ब्रेड, लोणची, व्हिनेगर, मसाल्यांच्या पेस्ट, गोव्यातल्या घरगुती उद्योगांचा माल अशी दुसरीकडे न मिळणारी विविधता इथे असते. किनारपट्टीवरच्या दुकानांचं गिऱ्हाईक पर्यटक आणि परदेशी जास्त, त्यामुळे तिथला माल आणि भावही त्या गिऱ्हाइकाकडे बघून ठरतो. रोजच्या तूरडाळीसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही.

नवीन माणसाला सहसा माहीत नसतो तो तिसरा गट, सहकारी संस्थांचा. फोंड्यात मुख्यालय असलेल्या गोवा बागायतदार सहकारी खरेदी-विक्री संस्थेला सगळे नुसतं 'बागायतदार' म्हणतात. सुपारी, काजू, नारळ, मिरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा माल विकत घेणारी ही संस्था. तिचेच बाजार आहेत, आणि तिथे किराणा मिळतो. सभासद शेतकरी सुपारीची पोती घालायला येतो आणि जाताना घरचं सामान घेऊन जातो. सभासद नसलेल्यालाही खरेदी करता येते. दिवाबत्ती झगमगीत नसेल, गाणी लागलेली नसतील, पण कडधान्य, गूळ, नारळ आणि पूजेचं सामान बघायचं असेल तर आधी इथे जा. फोंडा, डिचोली, सत्तरीकडे घर घेतलं असेल तर तुमचा निम्मा किराणा इथूनच भरला जाण्याची शक्यता आहे.

चौथं आहे हॉर्टिकल्चरचं दुकान, म्हणजे गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचं भाजीचं केंद्र. त्याबद्दल पुढे लिहितेच.

दुसरी पायरी: स्वतःची यादी करा, दुकानाची जाहिरात बाजूला ठेवा

दोन दुकानांची तुलना करायची म्हणजे नक्की कशाची? आत शिरल्यावर समोरच मांडलेल्या ऑफरच्या ढिगावरून दुकान स्वस्त की महाग ठरवलं, तर फसगत ठरलेली. तो ढीग तुम्हाला आत ओढण्यासाठीच असतो, आणि त्यातला माल खरोखर स्वस्त असतोही. पण घरात महिनाभर लागणारी बाकीची वस्तू काय भावाने गेली, हे बिल हातात आल्यावरच कळतं.

म्हणून घरात महिन्याला हमखास लागणाऱ्या वीसेक वस्तू वहीत किंवा मोबाइलवर लिहा. तांदूळ, गहू किंवा आटा, तूरडाळ, मूगडाळ, साखर, तेल, चहा, पोहे, रवा, शेंगदाणे, गूळ, मीठ, तिखट, हळद, अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, भांड्यांचं लिक्विड, फरशीचं फिनाईल, बिस्किटं. घरात लहान मूल असेल तर डायपर. वस्तूपुढे ब्रँड लिहा आणि एका महिन्याला किती लागतं तेही लिहा. 'किती' हे महत्त्वाचं. शांपूवर मोठी सूट आहे, पण शांपू महिन्याला दोनशे मिली लागतो. तांदूळ वीस किलो लागतो. तांदळात किलोमागे चार रुपये वाचले तर महिन्याला ऐंशी रुपये होतात. शांपूच्या सूटीने इतके सहसा वाचत नाहीत.

तिसरी पायरी: भाव एकाच मापावर आणा

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळी गफलत इथेच होते.

पाकिटावर आता एककाची किंमत छापावी लागते. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमचा भाव, जास्त असेल तर दर किलोचा. पातळ पदार्थाला मिली आणि लिटर. अक्षर बारीक असतं, पण असतं. एमआरपीच्या जवळपास शोधा. मात्र हा छापील भाव एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानाने सूट दिली की तो लागू राहत नाही. तेव्हा प्रत्यक्ष द्यायचे पैसे भागिले वजन, हे गणित मोबाइलवर आपणच करायचं.

तेलाचं उदाहरण घ्या. समजा एका दुकानात एक लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे आणि दुसऱ्यात तशीच दिसणारी पिशवी १४२ ला. आठ रुपये स्वस्त म्हणून हात दुसरीकडे जातो. पिशवी उलटून बघा. पहिल्या पिशवीत एक लिटर, म्हणजे साधारण ९१० ग्रॅम तेल आहे. दुसरीवर ८५० ग्रॅम लिहिलेलं आहे. आता भागाकार करा: पहिलीत शंभर ग्रॅम तेल सुमारे साडेसोळा रुपयांना पडतं, दुसरीत सुमारे पावणेसतराला. आठ रुपये 'कमी' असलेलं तेलच महाग निघालं. हा फरक पिशवीकडे नुसतं बघून कळत नाही, कारण तेलाच्या पिशव्या एकसारख्याच फुगीर दिसतात.

मोठा पॅक म्हणजे स्वस्त, हाही असाच समज. बहुतेक वेळा तो खरा ठरतो, पण मोठ्या साखळीत एखाद्या महिन्यात एक किलोच्या पॅकवर जोरात सूट असते आणि चार किलोच्या पॅकवर काहीच नसते. चार किलोची धुण्याची पावडर ५२० ला, म्हणजे किलोला १३०. शेजारच्याच फळीवर एक किलोचा पॅक ११८ ला. चार छोटे पॅक उचलले तर अठ्ठेचाळीस रुपये वाचतात. एकावर एक मोफत असेल तर दोघांचं वजन मिळून भाव काढा. त्यातला मोफतचा नग कधीकधी लहान असतो. आणि दोघांच्या तारखा बघा.

सुट्या आणि पाकीटबंद धान्यातला फरक करामुळेही पडतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील, पाकीटबंद धान्य, डाळी आणि पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही. बागायतदारात किंवा एखाद्या किराणा दुकानात सुटी डाळ घेतली तर तेवढा फरक तुमच्या बाजूने असतो. अर्थात सुट्या मालाला पाकिटावरची तारीख नसते, तेव्हा डाळ मुठीत घेऊन बघायची, वास घ्यायचा आणि किडीची छिद्रं आहेत का ते पाहायचं. साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीची भावांची वही असेल, तर ती तुलनेला उपयोगाची नाही.

दुकानाच्या स्वतःच्या नावाचा माल घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. कोणासाठी बनवला आणि कोणी बनवला, ही दोन नावं वेगळी असतात. फिनाईल, कागदी रुमाल, मीठ, साखर असा माल दुकानाच्या नावाचा घ्यायला हरकत नाही. त्यात पैसे चांगले वाचतात. डाळ आणि तांदूळ आधी एकच पाकीट नेऊन शिजवून बघा. शिजायला लागणारा वेळ आणि चव पाकिटावर लिहिलेली नसते.

चौथी पायरी: एकाच आठवड्यात तिन्हीकडे जा

यादी घेऊन एका आठवड्यात तीन ठिकाणी जा: एक मोठी साखळी, एक गोव्यातलं सुपरमार्केट आणि एक सहकारी बाजार. भाव टिपा, गरज असेल तेवढंच घ्या. हा आठवडा शक्यतो महिन्याच्या मधला ठेवा. महिन्याच्या पहिल्या दिवसांत, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास, तसंच चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी सवलतींचा पाऊस असतो. तेव्हाचे भाव वर्षभराचे समजू नका. 'अमुक रकमेच्या वर बिल गेलं तर साखर नाममात्र दरात' अशी योजना असेल तर त्या साखरेत नेमके किती रुपये वाचतात ते काढा, आणि ते मिळवण्यासाठी आपण नको असलेली वस्तू किती रुपयांची घेतली तेही काढा. दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले की निर्णय आपोआप होतो.

आमच्या घरी या हिशेबातून जी वाटणी ठरली ती अशी: साबण-पावडर-टूथपेस्ट आणि डबाबंद माल मोठ्या साखळीतून, दोन महिन्यांतून एकदा, डाळी, कडधान्य, गूळ, नारळ बागायतदारातून, पाहुणे येणार असतील तेव्हाचं खास गोव्यातल्या सुपरमार्केटातून. तुमची वाटणी वेगळी निघेल. मडगावच्या एकट्या नोकरदाराची आणि म्हापशातल्या सहा माणसांच्या घराची वाटणी एकच असायचं कारण नाही.

पाचवी पायरी: इथली वस्तू इथल्या माणसाकडून घ्या

हे मी आग्रहाने सांगते. गोव्यात राहून उकडे तांदूळ, सोलं, काजू आणि नारळ देशभराच्या साखळीतून घेणं म्हणजे पैसे देऊन चव गमावणं आहे.

उकड्या तांदळाचं बघा. मोठ्या दुकानात लालसर उकड्या तांदळाचं पाकीट मिळतं, पण ते बऱ्याचदा दुसऱ्या राज्यातलं असतं. इथे शेतकरी जास्त करून ज्योती आणि जया ही वाणं लावतात. ज्योतीचा दाणा लाल, जयाचा पांढरा. खाजन शेतीत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठाला बांध घालून केलेल्या शेतीत, कोरगूट नावाचं जुनं वाण येतं. ते मिळालं तर जरूर घ्या. सहकारी बाजारात किंवा गावच्या शेतकऱ्याकडे 'ज्योती उकडे' म्हणून नावाने मागा. पेज करायची असेल तर हेच तांदूळ.

कोकमाची सोलं घेताना चिमटीत धरून बघा. चांगलं सोल जाड, मऊ, काळपट जांभळं असतं आणि बोटाला चिकटतं. कोरडं, पातळ आणि पांढऱ्या मिठाने माखलेलं असेल तर तुम्ही मिठाचे पैसे देताय. बाटलीतलं आगळ घेत असाल तर घटकांमध्ये कोकम आणि मीठ एवढंच हवं. साखर दिसली तर ते सरबत आहे, सोलकढीला चालणार नाही. व्हिनेगरचंही असंच. माडाच्या सुरेचं व्हिनेगर हवं असेल तर बाटलीवर 'सिंथेटिक' हा शब्द नाही ना, ते पाहा. असा माल गोव्यातल्या सुपरमार्केटात चांगला मिळतो, आणि मसाल्यांसाठी मडगावच्या कॉस्ताजसारखी जुनी नावं तिथेच सापडतात.

काजूचं तर वेगळं प्रकरण आहे. पाकिटावर 'गोवा' लिहिलेला प्रत्येक काजू गोव्यातल्या झाडाचा नसतो. आफ्रिकेतून आलेली कच्ची बी इथल्या कारखान्यांत फोडली जाते आणि विकली जाते. माल वाईट नसतो, पण तो गोव्याचा काजू नव्हे. गोवा काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याच वर्षी मानकुराद आंबा आणि बेबिंक ही थरांची गोवेकरी मिठाई यांनाही मिळालं. तेव्हा मानांकनाची खूण आहे का, ते विचारा. प्रतवारी समजून घ्या: डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० यातला आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि भाव चढा. घरच्या भाजीला आणि मिठाईला ३२० किंवा तुकडा पुरतो. डिचोलीकडचे झांट्ये यांच्यासारख्या जुन्या काजूवाल्यांच्या दुकानातला आणि सुपरमार्केटमधला भाव एकाच प्रतीचा धरून ताडून बघा. सालीसकट भाजलेला काजू घेतला तर पाकिटात साल किती, हेही लक्षात घ्या.

नारळ इथे नगावर विकला जातो, आकाराप्रमाणे भाव. हातात घेऊन वजन बघा, कानाजवळ हलवा. पाण्याचा आवाज यायला हवा आणि डोळ्यांजवळ ओल नको. साखळीच्या दुकानातला सोललेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नारळ आतून कसा आहे, ते बाहेरून कळायचा मार्ग नसतो.

सहावी पायरी: पावसाळा आणि साठवण

देशावरून आलेल्या माणसाची इथे सगळ्यात मोठी चूक होते ती साठ्याची. मोठ्या दुकानाचा सगळा व्यवहार 'जास्त घ्या, स्वस्त घ्या' यावर चालतो. साताऱ्यात पाच किलो रवा महिना-दोन महिने टिकतो. गोव्यात जुलैत पंधरवड्यात त्यात अळ्या फिरायला लागतात. मीठ पाझरतं, बिस्किटं मऊ पडतात, लाल मिरचीला बुरशी येते, पाकिटातले पोहे चामट होतात. हवेतच इतकी ओल असते की डबा उघडला-मिटला तरी फरक पडतो.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात रवा, पीठ, पोहे, शेंगदाणे, बिस्किटं लहान पाकिटांतच आणा, किलोला चार रुपये जास्त पडले तरी. वाया गेलेल्या दोन किलोंचे पैसे त्याहून जास्त असतात. सवलतीचा साठा करायचाच तर साबण, पावडर, टूथपेस्ट, फिनाईल यांचा करा.

गोवेकरही पावसाआधी साठा करतात, पण त्याची रीत वेगळी आहे. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी असते: सुक्या मिरच्या, सोलं, चिंच, कांद्यांच्या माळा, कुळीथ, अळसांदे, सुकी मासळी. मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चच्या परिसरात पुरुमेंताचं फेस्त भरतं, तिथे हे सगळं एका जागी दिसतं. हा माल मेच्या कडक उन्हात वाळवून मगच डब्यात जातो, म्हणून तो टिकतो. पहिल्या वर्षी शेजारच्या काकींबरोबर किंवा मावशींबरोबर जा. मिरची कुठली घ्यायची, कडधान्याला किती उन्हं द्यायची, डब्यात काय घालायचं, हे त्या जितकं नीट सांगतील तितकं कुठलाही लेख सांगू शकणार नाही. काणकोणच्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. लाल रंग चांगला येतो आणि तिखटपणा बेताचा, त्यामुळे आपल्या तोंडालाही ती मानवते.

भाजी, पाव, दूध

हे सुपरमार्केटमधून आणायची गरजच नाही. गोव्यात भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावहून चोर्ला घाटाने येते. फलोत्पादन महामंडळ ती आपल्या केंद्रांवर अनुदानित दराने विकतं. त्या दिवशीचे दर केंद्रावर लावलेले असतात. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, गाजर यांचे भाव तिथे बघून मगच दुसरीकडे जा. सकाळी लवकर गेलात तर माल निवडून घेता येतो. दुपारनंतर उरलेलं असतं. पावसात घाट बंद पडला की सगळीकडेच भाव चढतात, तेव्हा स्थानिक पालेभाज्या, अळू, तायकिळा, कुड्डुकीकडे वळायचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावच्या बायका हा सगळा माल घेऊन बसतात, आणि तिथली केळी, वाली, भेंडी कुठल्याही वातानुकूलित फळीवर मिळणार नाहीत.

पाव दारात येतो. पदेराची, म्हणजे पाववाल्याची सायकल सकाळ-संध्याकाळ फिरते, भोंगा वाजला की खाली उतरा. पोई, म्हणजे इथला कोंड्याचा पाव घ्या, सुपरमार्केटातला पाकीटबंद ब्रेड मग तुम्हाला आठवणार नाही. दुधासाठी गोवा डेअरीचा गाडा जवळच असतो.

सातवी पायरी: जाण्यायेण्याचा खर्च धरा

फोंडा ते पणजी जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. स्कूटर लिटरला चाळीस देते असं धरलं तरी दीड लिटर पेट्रोल गेलं, म्हणजे दीडशेच्या आसपास रुपये. कारने गेलात तर चार लिटर, चारशे रुपये. मोठ्या साखळीत तीन हजारांच्या सामानावर तीनशे वाचले आणि गाडीने चारशे खाल्ले, तर काय साधलं? म्हणून लांबचं मोठं दुकान दुसऱ्या कामाला जोडून ठेवा: पणजीला दवाखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत जायचं असेल त्याच दिवशी. रविवारी संध्याकाळी अजिबात जाऊ नका; पार्किंग शोधण्यात आणि रांगेत दोन तास जातात. मंगळवार-बुधवारी सकाळी काउंटरवरचा माणूस बोलायलाही मोकळा असतो.

जवळचं दुकान घरपोच देतं का, किती रकमेच्या वर, फोनवर यादी घेतं का, हे विचारून ठेवा. म्हातारी माणसं घरी असतील तर चार रुपये जास्त घेणारा पण सामान तिसऱ्या मजल्यावर आणून देणारा दुकानदार खूप मोलाचा ठरतो. कोकणी येत नाही म्हणून बुजू नका. मराठीत विचारा, उत्तर मिळतं. सहकारी बाजारात तर निम्मी गिऱ्हाइकं मराठीत बोलताना ऐकू येतील.

घरून कापडी पिशव्या न्या. जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे आणि १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या पिशव्याही बंद झाल्या, तेव्हा दुकानातली पिशवी विकतच घ्यावी लागते.

आठवी पायरी: बिल दुकानातच वाचा

फळीवरचा भाव आणि बिलावरचा भाव यांत फरक पडतो. ऑफर संपलेली असते पण चिठ्ठी काढायची राहिलेली असते, किंवा संगणकात नवीन भाव घातलेलाच नसतो. आमच्या शेजारच्या वहिनी फळीवरच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढतात आणि तो काउंटरवर दाखवतात. वाद न होता बिल दुरुस्त होतं. हीच सवय लावून घ्या. ओळीने तपासा: एकच वस्तू दोनदा तर लागली नाही ना, एकावर एक मोफतचा नग वजा झालाय ना, तोलून घेतलेल्या वस्तूचं वजन बरोबर आहे ना.

दुकानातच तोलून पाकीट केलेल्या डाळी-सुकामेव्यावर जी तारीख असते ती बहुधा पाकीट केल्याची असते, माल कधीचा ते त्यावरून कळत नाही. शंका आली तर घेऊ नका. पाकीटबंद खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक हवाच; गावठी म्हणून विकलेल्या लोणच्याच्या बरणीवरही.

छापील एमआरपीपेक्षा जास्त घेणं कायद्याने चालत नाही, मग दुकान विमानतळावरचं असो की समुद्रकिनाऱ्यावरचं. असं झालं, मुदत संपलेला माल मिळाला किंवा वजन कमी भरलं, तर आधी व्यवस्थापकाला शांतपणे बिल दाखवा; बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. नाही मिटल्या तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि वजन-मापाची तक्रार राज्याच्या वजन व माप खात्याकडे जाते. दोन्हीकडे बिल लागतं. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, त्यामुळे बिलाचा फोटो घरी पोचल्याबरोबर काढून ठेवा.